पाऊणकीची शाळा

एकोणीसशे सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये मालू घरत कमरेपर्यंत चिखलाने माखून पनवेलच्या भर बाजारपेठेतून धावत गेली. ती आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असं सांगणारी इतकी माणसं गावात आहेत, की त्या दिवशी दुकानांत गिऱ्हाइकं आणि घरांत चुली फुंकायला बायका कशा उरल्या हेच कळत नाही. कोणी सांगतं, तिच्या हातात दौत होती. कोणी सांगतं, जिवंत चिंबोरी होती आणि ती नांग्या हलवत होती. दौत खरी. चिंबोरी लोकांनी मागाहून चिकटवली. पनवेलकराला नुसती दौत कधी पुरलीय?

पोरगी निघाली होती फायनलच्या परीक्षेला, गणिताच्या पेपराला. पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

मालू खाडीपलीकडच्या घरतांच्या पाड्यावरची. आगऱ्यांची तीसेक घरं, पुढ्यात मिठागरं, पाठीशी भातखाचरं आणि दूर कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. पाड्यावर शाळा नव्हती. पण मालूची मावशी हौसा पनवेलच्या बंदरावर सुकी मासळी विकायला बसायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिने बहिणीची ही मुलगी सातव्या वर्षी सोबतीला म्हणून आणली, आणि आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं की पोर टोपलीपाशी बसून दिवसाकाठी मूठभर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, फस्त करते.

"अशी ऱ्हायली तं माझा धंदाच खाईल ही," म्हणून हौसाने तिला मुलींच्या शाळेत नेऊन बसवलं. विद्येची आवड वगैरे मागाहून आली. सुरुवात सोड्यांमुळे झाली, आणि मालू ते कधी लपवीत नसे.

त्या शाळेत तमारबाई आपटेकर होत्या. पनवेलच्या इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या यहुदी लोकांपैकी. नऊवारी चापूनचोपून नेसलेली, केस घट्ट, आवाज असा की तळ्यापलीकडचा धोबी कपडे आपटायचा थांबावा. बाई कधी मारत नसत. नुसतं नाव घेत. पण त्यांनी नाव घेतलं की छडी बरी वाटायची. मालू त्यांच्यामागे सावलीसारखी असायची. त्यांच्यासारखी पाटी धरायची, त्यांच्यासारखी मान तिरकी करायची, आणि घरी हौसालाच वर्गातली पोर समजून विचारायची, "समजलं का?"

"समजलं माझे बाय," हौसा म्हणायची, "आता भात ठेव."

आपण मास्तरीण व्हायचं, हे मालूने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. त्या काळी सातवीची फायनल पास झालं की शाळाखात्यात उमेदवारी करता येत असे. पुढे खात्याने ट्रेनिंगला पाठवलं की पक्की नोकरी. पाड्यावरचं कोणी अजून फायनललाच बसलं नव्हतं, मग मुलीची गोष्ट कशाला.

आता चिखलाचं. परीक्षेत मध्ये रविवार आला. मिठाचा हंगाम ऐन भरात होता आणि घरी हात कमी, म्हणून मालू शनिवारी पाड्यावर गेली. सोमवारी सकाळी बाप काशीराम तिला होडीने परत आणणार होता. आगरी माणूस घड्याळ बाळगत नाही, तो तिथी बाळगतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. शाळेत मुलांना पाऊणकी पाठ करताना घाम फुटतो. पाड्यावरच्या पोरांना ती दात येण्याआधी येते.

"आज एकादस," काशीराम म्हणाला. "सव्वाआठला भरती. सवानवाला सुटू, धाला बंदरात. तुजा पेपर अकराला. काय घोर करू नको."

आणि होडी रिकामी कशाला न्यायची म्हणून त्याने तिच्यात मीठही भरलं.

त्या पंधरवड्यात नवमी दोन दिवस होती. पंचांग असतं पनवेलला, भटजीकडे. पाड्यावर तिथी बोटांवर मोजत, आणि बोटांना दोन नवम्या कळत नाहीत. दिवस होता दशमीचा. म्हणजे भरती साडेसातलाच होऊन गेली होती. त्यातून भांगाचे दिवस, पाणी मुळातच कमी, आणि होडी मिठाने जड. खाडीच्या मध्यावर ती अशी बसली की पुन्हा भरती येईपर्यंत देवानेही हलवली नसती.

काशीरामाने पाण्याकडे पाहिलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली. "आयला," तो म्हणाला.

मालूने दौत डोक्यावर धरली आणि चिखलात उडी घेतली. खाडीचा चिखल माणसाला सोडत नाही. एक पाय काढावा तर दुसरा जातो. तासाभरापेक्षा जास्त वेळ ती तो चिखल तुडवत होती. बंदरावर हौसाने तिला पाहिलं आणि सोड्यांची टोपली सोडून मागे धावली, म्हणजे बाजारपेठेतून धावणाऱ्या खरं तर दोघी होत्या. पण हौसा रोजच ओरडत धावायची, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

परीक्षेच्या दारावरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी घड्याळ दाखवलं, नियम सांगितला, आणि पायरीवरचा चिखल पुसायला शिपायाला हाक मारली.

हौसाने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.  मालू पायरीवर बसली. आत पोरींच्या टाकांची कुरकुर ऐकू येत होती. अंगावरचा चिखल वाळून तडकू लागला तरी ती उठेना.

वर्ष वाया गेलं. पाड्यावरून बोलावणं आलं, की आता पोर मोठी झाली, स्थळ बघतो. काशीरामाला मनातून फार लागलं होतं. लागलं म्हणूनच तो लग्नाची घाई करत होता. बापाला मुलीपुढे तोंड दाखवायची लाज वाटली की तो तिला सासरी धाडायला बघतो. हौसा मध्ये पडली. "माझ्याकडं वरीसभर ऱ्हावं दे तिला. सोडे खाईल तं माझे खाईल."

राहायला मिळालं, पण शाळा संपली असं धरून मालू मान खाली घालून तमारबाईंचा निरोप घ्यायला गेली. इस्रायल तळ्याजवळ त्यांचं घर. बाईंचे यजमान राफेल दवाखान्यात कंपाउंडर होते. ते ओट्यावर बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवत होते.

"बाई, मी शाळा सोडते," मालू म्हणाली.

"कुठली शाळा? तुझी सातवी झाली. तुला सोडायला शाळा उरलीय कुठे?" बाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी साडेसातला ये. हात स्वच्छ धुऊन ये."

त्याचं असं होतं. इस्रायली लोकांचा शनिवार म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी बाई चूल पेटवत नसत, गाडीत बसत नसत आणि काही लिहीत नसत. पण शाळाखात्याला सुटी फक्त रविवारची माहीत. मग बाई शनिवारी पायी शाळेत यायच्या, तोंडाने शिकवायच्या, पण खडूला हात लावायच्या नाहीत. तोंडाने शिकवणं म्हणजे काम की नाही, यावर त्यांच्या समाजातल्या म्हाताऱ्यांचं एकमत नव्हतं. बाईंचं स्वतःशी एकमत होतं, तेवढ्यावर भागत होतं. फळ्यावर लिहायला त्या वर्गातल्या कुठल्या तरी मुलीला उभी करायच्या. ओळी कौलांकडे चढत जायच्या आणि बाई डोळे मिटून घ्यायच्या.

आता लिहायला मालू आली. बाई सांगायच्या, मालू लिहायची. पहिल्या शनिवारी मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "चिखलबाई." वर्ग खुसखुसला. मालूचा खडू मोडला.

"दुसरा घे," बाई म्हणाल्या. "आणि वर्गाकडे पाठ करून उभी राहू नकोस. हसणारी तोंडं बघायची सवय कर. पुढं रोज बघायची आहेत."

गावात काय बोललं गेलं, ते सांगायला नकोच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाईंना फुकट मोलकरीण मिळाली, हे एक. मालू आता इस्रायलीण होणार, हे दुसरं. राफेल कंपाउंडर तिला औषधं शिकवतोय आणि ती डॉक्टरीण होणार, हे तिसरं. ते राफेलनीच उठवलं असावं. त्यांना शनिवारी थंड जेवण जेवावं लागे, आणि मग दिवसभर करमणूक म्हणून ते बातम्या सोडत असत.

एका शनिवारी बाई अपूर्णांक सांगता सांगता मध्येच थांबल्या. मालू खडू धरून वाट बघत राहिली. बाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली, बसल्या, आणि बाहेर बघू लागल्या. 

"बाई, पुढं?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार, समजलं का म्हणून."

मालूने विचारलं. एकीलाही समजलं नव्हतं. मग तिने फळा पुसला. खाडीतला चढउतार, होडी, मिठागराची पाऊण भरलेली कोंडी, अर्धी उतरलेली, असं काहीबाही काढून ती सांगत सुटली. तास संपला तेव्हा तिच्या नाकावर खडू होता आणि बाई अजून बाहेरच बघत होत्या. घरी जाताना त्यांनी एवढंच म्हटलं, "आवाज जरा खाली. तळ्यापलीकडे धोबी आहे."

पुढच्या मार्चला मालू पास झाली. काशीरामाने त्या वर्षी होडी काढलीच नाही. परीक्षा सुरू होण्याआधी आठ दिवस तो बंदरावर हौसाच्या ओसरीत मुक्कामाला येऊन बसला, आणि रोज पोरीला शाळेच्या दारापर्यंत स्वतः चालवत नेली. निकाल लागला त्या दिवशी तमारबाईंकडे नवसाच्या मलिद्याचं ताट होतं: पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मालूने मावशीसाठी पदरात बांधून नेला. हौसाने खाऊन बघितला. "बरा हाय," ती म्हणाली. "पन मीठ नाय."

एकोणपन्नास साली लोकल बोर्डाने घरतांच्या पाड्यावर एकशिक्षकी शाळा काढली, आणि अनट्रेंड म्हणून मालूला नेमलं. आपल्याच पाड्यावर, दार बसवलेल्या एका पडवीत. पटावर एकतीस मुलं. पावसाळाभर शाळा गच्च भरायची. मालू लिहून घ्यायची, म्हणून घ्यायची, आणि "समजलं का?" विचारायची. लोक बांधावरून जाताना थांबून ऐकायचे. काशीराम दिवसातून तीनदा काहीतरी विसरल्यासारखा पडवीवरून जायचा.

मग मिठाचा हंगाम सुरू झाला, आणि शाळा रिकामी झाली. पुरुष मिठागरात. ओहोटी लागली की बाया चिखलात निवटे मासे आणि चिंबोऱ्या पकडायला जात, आणि तान्ही पोरं मोठ्या बहिणींच्या काखेत. अकरा वाजता मालू घंटा वाजवायची. चार मुलं यायची, त्यातली दोन झोपलेली.

इथे मालूचं चुकलं, आणि ते तिनेच आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, म्हणून आपणही सांगायला हरकत नाही. तिला भीती वाटली. शाळेत मुलं नाहीत असं दिसलं तर शाळा बंद, नोकरी गेली, आणि ट्रेनिंगचं नावच नको. ट्रेनिंगला ज्यांचा शेरा चांगला त्यांनाच धाडत. तेव्हा तिने रोज हजेरीपटावर सत्तावीस-अठ्ठावीस हजऱ्या मांडायला सुरुवात केली. सुरेख अक्षरात.

फेब्रुवारीत दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांना सगळा मुलूख दिपोटीच म्हणायचा. दिनानाथ त्यांचं नाव. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून बाहेर सोडायचे. ते पडवीत आले, हजेरीपट पाहिला, मग मुलं पाहिली.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. मग छत्रीच्या टोकाने मोजलं. "एक. दोन. तीन. हा जागा आहे का? चार."

मालूला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. दिनानाथांनी आवाज चढवला नाही. शेरेबुकात लिहिलं, सही केली आणि छत्री उघडून गेले. शेरा असा: हजेरी खोटी, बाईंना सक्त ताकीद, एक वर्ष पाहून पुढील विचार.

बातमी खाडी ओलांडून पनवेलात यायला भरतीचीही वाट बघावी लागली नाही. मालू रविवारी तमारबाईंकडे गेली. ओट्यावर राफेल होते. तिला बघून त्यांनी पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही, आणि त्याचंच तिला रडू आलं. तिने सगळं सांगितलं. वाटलं, बाई नाव घेतील. बाईंनी नाव घेतलं नाही. बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

"मुलं कुठं होती?" त्यांनी विचारलं.

"मिठागरावर. बांधावर."

"मग तू शाळेत काय करत होतीस?"

मालूने निवडायच्या तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"खोट्या हजेरीचं बोलत नाही मी. ते तुझं तुला कळलं, तुझं तोंड सांगतंय. मुलं तिकडे, मास्तरीण इकडे, याला मी शाळा म्हणत नाही. जा आता. मला स्वयंपाक आहे."

ती उठताना राफेलनी तिच्या हातात एक गुंडाळी दिली. औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर, तिथीवार छापलेलं. "दवाखान्यात दोन आलीत," ते म्हणाले. "नवम्या नीट मोज."

परतीच्या होडीत मालू कॅलेंडर मांडीवर उघडून बसली. मुलं मोकळी कधी असतात? ओहोटीला आया चिखलात, म्हणून पोरं पोरांना सांभाळतात. भरती आली की आया घरी येतात, बाप उघाडीवर, मिठागराच्या दारावर, पाणी घ्यायला जातात, आणि मुलं बांधावर रिकामी हिंडतात. म्हणजे रोज भरतीच्या मागचा एक तास आणि पुढचा एक तास. रोज वेळ पाऊण तासाने सरकणार. अकरा ते पाच ही वेळ पनवेलातल्या घड्याळांची होती. पाड्यावरच्या पाण्याला ती कोणी विचारली होती?

दुसऱ्या दिवसापासून शाळा पाऊणकीवर भरू लागली. दारावर पाटी टांगलेली: "आज दशमी. शाळा साडेसहाला." "आज त्रयोदशी. शाळा पावणेनवाला." वाचता न येणारी माणसंही पाटीकडे बघून जायची. हळूहळू त्यांना ती वाचता यायला लागली, तो वेगळाच फायदा. आणि हजेरीपटावर आता जो नाही त्याच्यापुढे मालू कारण लिहायची: "बहिणीला ताप." "बापाबरोबर होडीवर." "झोपला."

वरून परवानगी घ्यायला हवी होती. मालूने अर्ज केला. उत्तर आलं नाही. तिने दुसरा केला. त्याचंही उत्तर आलं नाही. मग तिने अर्ज करणं सोडलं आणि शाळा चालू ठेवली.

पुढच्या वर्षी दिनानाथ दिपोटी आले ते न सांगता, बरोबर अकराला, बांधावरून तीन मैल चालून. दाराला कुलूप. पाटीवर: "आज षष्ठी. शाळा साडेतीनला."

साहेबांनी पाटी दोनदा वाचली. टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "मास्तरीणबाई कुठे आहेत?" त्यांनी समोरच्या म्हातारीला विचारलं.

"ती काय," म्हातारी म्हणाली, आणि खाडीकडे बोट केलं.

ओहोटी लागली होती. चिखलात दहाबारा बाया होत्या, आणि त्यांच्यात ओचा खोचून, ढोपरापर्यंत रुतलेली मालू घरत, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात वळवळता निवटा. घरात आई आजारी होती, संध्याकाळच्या कालवणाला काहीतरी हवं होतं. तिने वर पाहिलं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, छत्री. निवटा सुटला.

काशीराम धावत आला. "सांग आज सुटी हाय," तो तिच्या कानाशी लागला. "सांग गो, जत्रा हाय. मी समद्यांना सांगतो जत्रा हाय बोलायला."

मालूने बापाकडे पाहिलं. मग तशीच, चिखलाच्या पायांनी, ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"सुटी नाही, साहेब. शाळा साडेतीनला भरते. नियमाबाहेर आहे. मी दोन अर्ज केले होते."

"आणि मुलं?"

"साडेतीनला येतील."

"किती?"

मालूच्या जिभेवर एकतीस आला होता. तिने तो गिळला. "किती येतील ते आल्यावर कळेल, साहेब. परवा सत्तावीस होती."

दिनानाथांनी छत्री मिटली. "मी थांबतो," ते म्हणाले.

साडेचार तास! पाड्यावर खळबळ उडाली. साहेब ब्राह्मण, त्यांना काय खायला घालायचं? घरोघर कालवणाचा वास. शेवटी कोणीतरी तांदळाची भाकरी आणि गूळ आणला, केळीच्या पानावर. साहेबांनी भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, आणि देवळाच्या सावलीत हजेरीपट उघडून बसले. "झोपला," त्यांनी एका ठिकाणी मोठ्याने वाचलं. पुढे तीन पानांवर तेच नाव, तेच कारण. "हा मुलगा बराच झोपतो."

"बापूस रात्री मासे मारायला नेतो त्याला," मालू म्हणाली.

 खाडीचं पाणी चढताना ती रोज बघायची. इतकं हळू चढताना तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

सव्वातीनला पहिली मुलगी आली, काखेत भाऊ. मग दोघं. मग बांधावरून एक रांगच आली. साहेब दारात उभे राहिले आणि छत्रीच्या टोकाने मोजू लागले. एकोणतीस. काखेतले दोन धरले नाहीत.

मग तपासणी. वाचन बरं, शुद्धलेखन बेताचं. साहेबांनी तोंडी गणित घातलं. "एका गोणीत पाऊण मण मीठ. तेरा गोण्यांत किती?"

"पावणेधा!" प्रश्न जमिनीवर पडायच्या आत चंद्रावती नावाची एवढीशी पोर ओरडली.

"इतक्या लवकर कसं काढलंस?"

"काढलं नाय. तेरस ना? तेरशीला पावणेधालाच भरती असते."

साहेबांनी आणखी पाच प्रश्न घातले. पाचही वेळा उत्तर आधी आणि प्रश्नाचा शेवट मागून, असं झालं. तेवढ्यात चंद्रावतीने हात वर केला.

"साहेब, तुमच्या गावाला भरती किती वाजता?"

"आमच्या गावाला समुद्र नाही."

पोरगी बुचकळ्यात पडली. तिला साहेबांची खरोखर दया आली. "मंग तुमची शाळा कवा भरते?"

दिनानाथांनी तोंडाला रुमाल लावला. खोकला आला असावा, असं काशीराम पुढे सांगायचा. राफेल सांगायचे की साहेब हसले. पण राफेल तिथे नव्हते.

शेरा मात्र सगळ्यांनी पाहिला, कारण मालूने तो वाचून दाखवला. शाळेच्या वेळा नियमास सोडून आहेत, बाईंचा लेखी खुलासा मागवावा. पट एकतीस, हजर एकोणतीस, डोकी मी स्वतः मोजली. हजेरीपट विश्वसनीय. बाईंस ट्रेनिंगला पाठवणे योग्य.

हौसाने बंदरावर ज्याला त्याला थांबवून हे सांगितलं. तिच्या सांगण्यात साहेब मालूच्या पाया पडायचेच बाकी होते.

पण त्या जूनमध्ये ट्रेनिंगचा हुकूम आला नाही. खुलासा वरच्या कचेरीत कुठल्या तरी कागदाखाली झोपला होता. मालूने पुन्हा लिहिला, पुन्हा पाठवला. लोक म्हणू लागले, साहेब गोड बोलून गेला. काशीरामही म्हणाला. मालूने वाद घातला नाही. ती पाटी बदलत राहिली: आज द्वितीया, आज पंचमी. आदल्या वर्षी वाट बघणं तिला जड गेलं असतं. आता दारात एकोणतीस पोरं होती, वाट बघायला सवडच नव्हती. हुकूम त्रेपन्न साली आला, आणि त्या पाकिटाबरोबर वेळांना मंजुरीही आली: हंगामापुरती, तात्पुरती, प्रयोग म्हणून. असे तीन शब्द लिहिले की खात्याचं मन हलकं होतं.

दोन वर्षं ट्रेनिंग झालं. परत पाड्यावर दोन वर्षं. आणि सत्तावन्नच्या जूनमध्ये मालूची बदली पनवेलला, मुलींच्या शाळेत झाली. तमारबाई आता तिथे मुख्याध्यापिका होत्या.

मालू रात्रभर झोपली नव्हती. बाईंना काय म्हणायचं ते ती मनात जुळवत होती. गणिताचा पेपर बुडाला ते बरं झालं म्हणायचं. तो बुडाला नसता तर शनिवार मिळाले नसते. दारावरच्या त्या गृहस्थांचे, दिनानाथ साहेबांचे, राफेलच्या कॅलेंडराचे, मावशीच्या सोड्यांचे, सगळ्यांचे आभार मानायचे, आणि शेवटी बाईंचे. ट्रेनिंगमध्ये भाषण करायला शिकवतात. हिने चांगलं मोठं तयार केलं होतं.

नवी जरीची किनार, पायात नव्या वहाणा, हातात नेमणुकीचा कागद. ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. आत तीन शिक्षिका बसल्या होत्या. तमारबाईंचे केस पांढरे झाले होते, पण घट्ट तसेच होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या. बाकीच्या तिघीही गोंधळून उठल्या.

"या, मालूबाई," तमारबाई म्हणाल्या.

सोळा-सतरा वर्षांची ओळख, पण बाईंनी तिला अहो-जाहो कधी केलं नव्हतं. मालू सगळं भाषण विसरली. "बाई, मला... तुमचे..." एवढंच निघालं, आणि डोळे भरून वाहायला लागले. ती वाकायला गेली, तर बाईंनी खांद्याला धरून सरळ केलं.

"ते सगळं मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "चौथी ब कालपासून बिनबाईची आहे, छप्पर उडवायच्या बेतात आहे. ऐकू येतंय ना? जा."

ऐकू येत होतं. सगळ्या पनवेलला ऐकू येत होतं. मालूने डोळे पुसले, टेबलावरचा खडू उचलला आणि व्हरांड्यातून भरभर चालू लागली. ती दारात पोचली आणि गोंधळ एकदम थांबला. छप्पन्न तोंडं तिच्याकडे वळली. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं.

मालूने त्यांच्याकडे पाठ केली नाही. "हसून घ्या," ती म्हणाली. "झालं की सांगा. मग सुरू करू."